'कोड नाही रे, नुसती फाइल आहे' : सात आठवड्यांत तिसऱ्यांदा

नळस्टॉपकर | शनिवार, ६ डिसेंबर २०२५, सकाळी ९:४०

काल दुपारी सव्वादोनच्या सुमारास आमच्या बाणेरच्या ऑफिसात एकदम शांतता झाली आणि मग चारी बाजूंनी एकच प्रश्न सुरू झाला, "तुझं चालू आहे का?" नेटवर्कच्या पोराने घाईघाईने राउटर बंद करून चालू केला. बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. क्लाउडफ्लेअर (असंख्य वेबसाइटच्या पुढे उभं राहून त्यांची वाहतूक सांभाळणारी कंपनी) परत आडवं झालं होतं. २:१७ ते २:४२, पंचवीस मिनिटं. त्यांच्याच हिशेबाने त्यांच्या २८ टक्के एचटीटीपी (म्हणजे वेबसाइटच्या) वाहतुकीला फटका बसला.

२० ऑक्टोबरला एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनची भाड्याने सर्व्हर देणारी सेवा), १८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअर, काल पुन्हा क्लाउडफ्लेअर. रात्री बसून तिन्हींचे पोस्टमॉर्टेम (काय बिघडलं याचे कंपन्यांचेच अहवाल) वाचून काढले. (बायको म्हणाली, दुसऱ्याच्या घरची भांडणं इतकी चवीने का वाचतोस?) हल्ला एकातही नाही. हॅकर नाही, भूकंप नाही, जेसीबीने केबलही तोडलेली नाही, जे आपल्याकडे दर पंधरवड्याला होतं. तिन्ही वेळा घरातल्याच माणसांनी, घरातलीच एक छोटी गोष्ट हलवली.

एडब्ल्यूएसच्या व्हर्जिनियातल्या रीजनमध्ये (सर्व्हर-केंद्रात) डायनॅमोडीबी या डेटाबेसचे डीएनएस पत्ते (कुठला सर्व्हर कुठे आहे ती नोंद) लिहिणारी दोन यंत्रं एकमेकांच्या पायात आली. एक मागे रेंगाळलं होतं, त्याने जुना आराखडा नव्यावर लिहिला. दुसऱ्याने त्याच वेळी जुने आराखडे झाडून काढले. शेवटी पत्ता कोराच राहिला. १८ नोव्हेंबरला डेटाबेसच्या परवानग्या बदलल्या, त्यामुळे एका फाइलमध्ये नोंदी दुबार आल्या, फाइल फुगली आणि ती वाचणारा प्रोग्राम मेला. काल तर एका चाचणीच्या साधनाचा खटका बंद केला, एवढंच.

माझं म्हणणं असं की आपण कोडला भितो. पीआर (बदलाचा प्रस्ताव), रिव्ह्यू, टेस्ट, आधी एक टक्का सर्व्हरवर, मग दहा. पण कॉन्फिगची (सेटिंगची) फाइल, नियमांची यादी, डेटाची फाइल आली की म्हणतो, "कोड नाही रे, नुसती फाइल आहे, टाक." आणि ती एका सेकंदात जगभर जाते. गेल्या वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या कंपनीनेही हेच केलं होतं. चॅनल फाइल २९१. नव्या फाइलला २१ रकाने हवे, प्रोग्रामच्या हातात २०च. ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली आणि आपल्याकडे लोकांनी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास फ्रेम करायला घेतले.

तुमच्याकडे असे 'नुसती फाइल'वाले किस्से असतील तर टाका. कंपन्यांची नावं नकोत, सगळ्यांचे हप्ते चालू आहेत.

---

सेमीकोलन | सकाळी ९:५२

पयला!

शुक्रवारी दुपारी प्रॉडक्शनला हात लावू नये हे आमच्या टीममध्ये संकष्टीच्या उपासासारखं पाळतात. त्यांना कोणी सांगितलं नाही वाटतं.

---

रस्टी पोहे | सकाळी १०:०५

@सेमीकोलन, त्यांना थांबायला वाव नव्हता. बुधवारी रिअ‍ॅटच्या सर्व्हर कंपोनंट्समधलं (वेबसाइट बांधायच्या तयार साधनातलं) सुरक्षेचं भोक जाहीर झालं, तीव्रता १० पैकी १०. लोकांच्या साइट वाचवायला ते विनंती तपासण्याची जागा वाढवत होते. आतलं एक चाचणीचं साधन त्या नव्या मापात बसेना, म्हणून ते बंद केलं. बंद करण्याचा तो रस्ता इतकी वर्षं कोणी त्या प्रकारच्या नियमासाठी वापरलाच नव्हता. तिथे लुआ या भाषेतल्या कोडमध्ये एक व्हॅल्यू 'निल' (रिकामी) निघाली आणि धपकन पाचशेचे (सर्व्हर बिघडल्याचे) एरर.

कुलूप बदलायला गेले आणि बिजागरी हातात आली.

(रिअ‍ॅक्ट. घाईत 'क' राहिला. संपादनाची सोय द्या की हो संपादक!)

---

भूमकर चौकी | सकाळी १०:११

रुमाल टाकून ठेवतो. सध्या भूमकर चौकातच आहे, अक्षरशः. सिग्नल सुटला की सविस्तर लिहितो.

---

लाल पोर्टफोलिओ | सकाळी १०:३०

मी सॉफ्टवेअरमधला नाही, बँकेतून निवृत्त. पण काल फटका मलाच बसला. सकाळी रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाव टक्क्याने उतरवून ५.२५ केला, बाजार वर निघाला, आमचा एक शेअर दुपारी बरोबर विकायच्या भावाला आला आणि ब्रोकरचं अ‍ॅप म्हणतं, "काहीतरी चुकलं." अहो, चुकलं ते मला दिसतंय, कोणाचं ते सांगा ना! ब्रोकरला फोन लावला तर तो म्हणतो, आमचं सगळं व्यवस्थित आहे, फक्त तुमच्यापर्यंत पोचत नाहीये.

वरचं सगळं वाचलं. 'नोंदी दुबार आल्या आणि प्रोग्राम मेला' म्हणजे काय, हे कोणी आमच्यासारख्याला समजेल असं सांगेल का?

---

रस्टी पोहे | सकाळी ११:०२

काका, सांगतो. १८ नोव्हेंबरचं घ्या, ते जास्त मजेशीर आहे.

समजा मंगल कार्यालय आहे. दारावर एक माणूस उभा, काम एकच: आलेला पाहुणा खरा की फुकट जेवायला घुसलेला, हे ओळखायचं. त्यासाठी त्याला दर पाच मिनिटांनी आतून एक ताजी यादी मिळते. इंटरनेटच्या भाषेत ही माणूस कोण आणि बॉट कोण हे ओळखायची यादी. ही यादी जास्तीत जास्त २०० ओळींची असेल असं गृहीत धरून त्याला तेवढाच कागद दिलाय.

यादी करणारा आत्तापर्यंत फक्त मुलीकडच्या वहीत बघत होता. त्या दिवशी दुपारी ४:३५ ला (आपली वेळ) कोणीतरी त्याला मुलाकडची वहीपण बघायची परवानगी दिली. हेतू चांगला होता. पण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की 'फक्त मुलीकडच्या वहीतलीच नावं घे'. दोन्ही वह्यांत तीच नावं. झाली यादी दुपटीहून मोठी.

आता दारावरच्या माणसाने काय करायला हवं? "यादी गडबड दिसतेय, मागचीच वापरतो." त्याने काय केलं? कार्यालयाला कुलूप लावलं आणि तिथेच बेशुद्ध पडला. आतला नवरदेवही बाहेर येऊ शकेना.

त्यात सुरुवातीला यादी करणाऱ्यांपैकी काहींनाच नव्या परवानग्या मिळाल्या होत्या. म्हणजे दर पाच मिनिटांनी कधी चांगली यादी, कधी वाईट. साइट पडे, उठे, परत पडे. त्यांना वाटलं कोणीतरी हल्ला करतंय. आणि योगायोग असा की त्यांच्या यंत्रणेबाहेर ठेवलेलं स्टेटसचं पानही त्याच वेळी बंद पडलं. मग तर खात्रीच पटली.

---

लाल पोर्टफोलिओ | सकाळी ११:१०

आता लख्ख कळलं. धन्यवाद. आमच्याकडे मुलीच्या लग्नात याच कारणाने ८० पानं जास्त झाली होती, पण जिलबी संपली तरी कुलूप नाही लावलं कोणी.

---

सेमीकोलन | सकाळी ११:१८

@रस्टी पोहे, दारावरचा तो बेशुद्ध पडणारा माणूस कुठल्या भाषेत लिहिला होता, हे सोयीस्करपणे गाळलंस का रे? 😄

---

रस्टी पोहे | सकाळी ११:२५

रस्ट. हो. 'अनरॅप' होता. खूश?

पण अनरॅप म्हणजे प्रोग्रामरने लेखी दिलेलं असतं की 'इथे चूक होणारच नाही, झाली तर मला मारून टाका.' भाषेने विचारलं होतं, याने सही केली. आणि कालची चूक लुआमधल्या जुन्या प्रॉक्सीत (मध्ये उभ्या राहणाऱ्या प्रोग्राममध्ये) झाली, रस्टमधल्या नव्या प्रॉक्सीत ती झालीच नाही, हे त्यांनीच लिहिलंय. तेव्हा हिशेब १-१.

---

सेमीकोलन | सकाळी ११:२७

१-१ कसा? पहिली मॅच तीन तासांवर चालली, दुसरी पंचवीस मिनिटं. नेट रनरेट बघ.

---

मेनफ्रेमकाका | दुपारी १२:१५

तुमच्या गप्पा वाचून करमणूक झाली. मी याच वर्षी निवृत्त झालो. अठ्ठ्याण्णव साली कोबॉल या जुन्या भाषेवर बसलो, वायटूकेच्या लाटेत (वर्ष दोनच आकड्यांत लिहिणारे प्रोग्राम २००० साली गडबडतील, ही तेव्हाची धास्ती). तेव्हा हिंजवडीत शेतं होती आणि पुण्यात संगणकवाला म्हणजे एक तर सी-डॅकमधला, नाहीतर अमेरिकेला निघालेला असं लोक धरून चालत.

नळस्टॉपकर म्हणतात तो प्रकार आमच्याकडे 'एस झिरो सी सेव्हन' या नावाने प्रसिद्ध होता. जिथे आकडा असायला हवा तिथे दुसरंच काहीतरी, बऱ्याचदा नुसत्या मोकळ्या जागा. कोबॉल त्याची बेरीज करायला जातो आणि जॉब तिथल्या तिथे मरतो. रात्री अडीचला फोन. घरी लँडलाइन, तोही दिवाणखान्यात, म्हणजे अख्खं घर उठायचं. एका परदेशी बँकेचं काम होतं. प्रोग्राम अकरा वर्षं बिनतक्रार चालू. एके दिवशी त्यांच्या शाखेतल्या कोणीतरी एका रकान्यात शून्याऐवजी स्पेस बार दाबला. प्रोग्रामची एक ओळ बदललेली नव्हती. मॅनेजर मला विचारतो, "तू काय बदललंस?" मी म्हटलं, "साहेब, काही नाही." त्याचा विश्वास बसला नाही. तीन दिवस मी गुन्हेगार.

तात्पर्य वगैरे काही नाही. एवढंच की यात नवीन काही नाही बाळांनो. पूर्वी एका बँकेची रात्र खराब व्हायची, आता सगळ्यांची एकदम होते.

---

नळस्टॉपकर | दुपारी १२:२०

काका, दंडवत. 'स्पेस बार दाबला' हे फ्रेम करून आमच्या मीटिंग रूममध्ये लावतो.

---

ऑनकॉल आई | दुपारी १:४०

आत्ता लेकीला झोपवून बसलेय, म्हणून एका दमात लिहिते.

२० ऑक्टोबर. नरक चतुर्दशी. पहाटे उटणं, अभ्यंगस्नान, कारीट फोडून झालं. सासूबाईंनी पहिल्यांदाच मला चकलीचा सोऱ्या हातात दिला होता (आठ वर्षांत पहिल्यांदा, हे लक्षात घ्या). १२:१८ ला तिकडे पत्ता कोरा झाला आणि साडेबाराच्या आत माझा फोन ओरडायला लागला. एका हातात सोऱ्या, दुसऱ्यात फोन. अलर्ट एक नाही, चाळीस. मी म्हटलं आपल्याच कालच्या रिलीजने खाल्लं वाटतं. अर्धा तास आमचाच कोड उलटा-पालटा करत होते, एक रोलबॅकही (जुनी आवृत्ती परत आणणं) केला, ज्याची काही गरज नव्हती. तेलात टाकलेल्या चकल्या दिरांनी काढल्या, काळ्या झाल्यावर.

तीनच्या आसपास डायनॅमोडीबी उठलं. मला वाटलं सुटले. पण नवीन सर्व्हर उभेच राहात नव्हते. तिकडचं सगळं रुळावर यायला आपल्या रात्रीचे २:२० वाजले. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. मी पूजेला बसल्या बसल्या डुलकी घेतली, गुरुजींनी दोनदा "यजमानीण बाई" अशी हाक मारली.

गंमत म्हणजे आमचं सगळं मुंबई रीजनमध्ये आहे. व्हर्जिनियाशी आमचा थेट काही संबंध नाही. पण लॉगिनसाठी जी बाहेरची सेवा वापरतो ती व्हर्जिनियात, आणि ती ज्या सेवेवर चालते तीही. हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आर्किटेक्चरच्या चित्रात हे कुठेच नव्हतं.

सोऱ्या परत मिळालेला नाही.

---

चौथी पाटी | दुपारी १:४८

> सोऱ्या परत मिळालेला नाही.

ळॉल. या रिपोर्टमध्ये 'दीर्घकालीन परिणाम' म्हणून हे टाकायला हवं होतं.

---

गेट नंबर अमुक | दुपारी २:२०

लोहगाव विमानतळावरून. कालपासूनची दुसरी फ्लाइट रद्द. बॅगा मिळत नाहीत, बसायला जागा नाही, चहा मात्र त्याच भावाला. कंपनीचं नाव घेत नाही, तुम्ही सगळे पेपर वाचता.

इथे बसून एक विचार आला. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम आले, दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८. रात्रीची लँडिंग सहावरून दोन. कंपनीने माणसं आधी भरली नाहीत, म्हणून मी इथे. चीड येतेय, पण नियम चुकीचा आहे असं म्हणवत नाही. झोप न झालेल्याच्या विमानात मी बसणार नाही.

मग ऑनकॉल आईंसारखी माणसं? चौदा तास जागून प्रॉडक्शनवर कमांड मारणाऱ्याला कुठला नियम? आमच्या एका माणसाने अशाच अवस्थेत पहाटे चारला चुकीच्या खिडकीत 'ड्रॉप टेबल' (डेटाचा अख्खा तक्ता पुसायची कमांड) मारलं होतं. दोन खिडक्या, एक टेस्टची, एक खरी. दोन्हींचा रंग काळा.

---

ऑनकॉल आई | दुपारी २:३१

@गेट, म्हणून मी खऱ्या सर्व्हरची खिडकी गडद लाल ठेवते. लेक तिला 'आईची रागावलेली खिडकी' म्हणते.

---

भूमकर चौकी | दुपारी ३:०५

पोचलो. (चार तास चोपन्न मिनिटं नाही लागली हो, मध्ये जेवलो.)

कालच्या लुआवाल्या जुन्या प्रॉक्सीबद्दल. जुना कोड काढून टाकणं किती अवघड असतं हे पुणेकरांना समजावायला चांदणी चौकातला पूल पुरेसा आहे. २ ऑक्टोबर २०२२, मध्यरात्री एक वाजता, शेकडो किलो स्फोटकं, अख्खा महाराष्ट्र टीव्हीसमोर. धडाम! धूळ खाली बसली आणि पूल बराचसा तिथेच. उरलेला पोकलेनने कुरतडून काढावा लागला. आमच्या २००९ च्या मॉड्यूलचंही असंच आहे. दर वर्षी 'या तिमाहीत उडवून देऊ' ठरतं, रिफॅक्टरिंगचा (कोडच्या साफसफाईचा) मोठा समारंभ होतो, केक कापतात आणि सोमवारी तो तिथेच, थोडासा वाकडा होऊन.

---

सेमीकोलन | दुपारी ३:१२

आणि विद्यापीठ चौकातला पूल? तो चांगला चालू होता, तर लॉकडाऊनमध्ये पाडला, दुमजली बांधायला घेतला आणि त्याची एक बाजू यंदा ऑगस्टमध्ये सुरू झाली. ते म्हणजे 'नव्याने लिहून काढू, सहा महिन्यांत होईल'वालं प्रकरण. दोन्ही टोकं आपल्याच शहरात उपलब्ध आहेत.

---

ताजा फ्रेशर | सायंकाळी ५:३०

नमस्कार. मी याच वर्षी लागलोय, खराडीत. मोठ्यांमध्ये बोलायची भीती वाटते, पण 'नुसती फाइल'वाला किस्सा आमच्याकडेही आहे, आणि नव्या जातीचा.

आमच्या टीममध्ये बराचसा कोड एआय एजंट लिहितो. त्याच्यासाठी रेपोमध्ये (कोडच्या भांडारात) एक सूचनांची फाइल असते, साध्या इंग्रजीत. 'अशी नावं द्या, या फोल्डरला हात लावू नका,' वगैरे. एका सीनियरने घाईत त्यात एक ओळ टाकली, की एखादी टेस्ट अडकत असेल तर ती वगळून पुढे जा. एका डेमोपुरती. काढायची राहिली. पुढचा सव्वा आठवडा आमचं सगळं हिरवंगार. स्टँडअपमध्ये मॅनेजर म्हणाले, या स्प्रिंटला क्वालिटी फारच सुधारली. मी नवीन असल्यामुळे मला वाटलं असंच असतं.

टेस्टची संख्या ६४० वरून ५९० झालीय हे मला दिसलं होतं. मी विचारलं नाही, कारण वाटलं, विचारलं तर मूर्ख दिसेन. त्या फाइलला रिव्ह्यू नव्हता. का? 'कोड नाही ना ती.'

---

नळस्टॉपकर | सायंकाळी ५:४१

अरे बापरे. हा धाग्याचा सर्वोत्तम प्रतिसाद. कॉन्फिगपेक्षाही वाईट आहे हे. कॉन्फिग चुकली तर निदान काहीतरी मरतं. इथे सगळं हसतमुखाने चालू राहिलं.

आणि मित्रा, ६४० चं ५९० का झालं, हे विचारणारा मूर्ख दिसत नाही. पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी बोंब मार.

---

चौथी पाटी | सायंकाळी ५:५०

यालाच 'व्हाइब कोडिंग' (एआयला सांगायचं आणि तो देईल तो कोड घ्यायचा) म्हणतात ना? कॉलिन्सने यंदाचा शब्द म्हणून निवडलाय. याला मराठी शब्द काय? 'लहरलेखन' कसं वाटतं?

---

सेमीकोलन | सायंकाळी ५:५३

लहरलेखन हे कवितासंग्रहाचं नाव वाटतं. 'अंदाजपंचे कोडिंग' घ्या. पुढचं 'दाहोदरसे' प्रॉडक्शनला गेल्यावर आपोआप कळतं.

---

लाल पोर्टफोलिओ | सायंकाळी ५:५८

अंदाजपंचेला माझं मत. +१

---

मेनफ्रेमकाका | सायंकाळी ६:१०

+१. आमच्या काळी याला 'देवावर हवाला' म्हणत, पण तेव्हा देव फुकट होता. आता महिन्याचं सबस्क्रिप्शन लागतं.

---

भूमकर चौकी | सायंकाळी ६:४०

एआयला सरसकट झोडपू नका. मी रोज वापरतो. काल एका जुन्या रेग्युलर एक्स्प्रेशनचा (मजकूर शोधायच्या सांकेतिक सूत्राचा) अर्थ त्याने मला दोन मिनिटांत सांगितला, जो लिहिणारा स्वतःही सांगू शकला नसता (लिहिणारा मीच होतो, २०१६).

---

रस्टी पोहे | सायंकाळी ७:१५

@भूमकर, झोडपत नाही, पण मोजा. जुलैमध्ये मेटर नावाच्या संस्थेचा एक अभ्यास आला. १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, २४६ कामं, स्वतःच्याच ओळखीच्या कोडमध्ये. एआय वापरल्यावर १९ टक्के वेळ जास्त लागला. आणि काम संपल्यावर त्यांना विचारलं तर ते म्हणाले, आम्ही २० टक्के लवकर उरकलं! वेळ जातोय हे कळतच नाही. रिक्षात बसून एफसी रोडच्या गर्दीत अडकण्यापेक्षा गल्लीबोळांतून फिरत राहिलं की लवकर पोचल्यासारखं वाटतं, तसं.

नवख्याचं किंवा अनोळखी कोडचं गणित वेगळं निघू शकेल, ते त्या अभ्यासाने मोजलेलं नाही. पण त्याच महिन्यात रेप्लिट या कोडिंगच्या सेवेच्या एआय एजंटने 'काही बदलू नकोस' असं सांगितलेलं असताना एका गिऱ्हाइकाचा खरा डेटाबेस पुसला, वर 'परत आणता येणार नाही' असंही ठोकून दिलं. परत आणता आला. चूक करणारा आणि वर खोटं बोलणारा ज्युनियर आपण किती दिवस ठेवला असता?

---

पंचेचाळिशीतला | रात्री ९:०५

ज्युनियर राहू दे. आम्हाला किती दिवस ठेवतील ते सांग. जुलैत देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं, मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. मी त्या कंपनीत नाही, पण आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या आठवड्यात फ्लॅट भाड्याने देण्याच्या जाहिराती अचानक वाढल्या. वाकडमध्ये हप्ता अजून अकरा वर्षं आहे. मी तुमच्यासारखा विनोद करू शकत नाही आत्ता. वाचतोय मात्र सगळं.

---

ऑनकॉल आई | रात्री ९:२०

@पंचेचाळिशीतला, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आमच्याकडे एक जागा आहे, ऑनकॉल (रात्री-अपरात्री फोन उचलायची पाळी) आहे हे आधीच सांगते.

---

सेमीकोलन | रात्री १०:३०

विषय थोडा बदलतो. 'अनुभवी माणूस काय करतो' याचं माझं आवडतं उदाहरण मार्च २०२४ चं. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा माणूस आपल्या मशीनवर वेळा मोजत होता. एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं त्याला दिसलं. अर्धा सेकंद! आपण तेवढ्यात जांभई देतो. हा खोदत बसला आणि शेवटी एक्सझेड नावाच्या छोट्या लायब्ररीत (इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडमध्ये) कोणीतरी मुरवलेलं चोरदार सापडलं, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत. घालणारा 'जिया टॅन' नावाने दोनेक वर्षं इमानदारीत काम करत विश्वास मिळवत बसला होता. एकट्यादुकट्याच्या जिवावर चाललेला प्रकल्प, दमलेला सांभाळणारा, आणि आजूबाजूला 'लवकर रिलीज करा की' म्हणून टोचणारे.

आणि नळस्टॉपकर, तुमचा मुद्दा इथेही येतो. तो चोर कोडमध्ये नव्हताच लपलेला. टेस्टसाठी ठेवलेल्या बायनरी फाइलींमध्ये होता. नुसत्या फाइली.

---

नळस्टॉपकर | रात्री १०:३६

हे माझ्या डोक्यातून निसटलंच होतं. कडक.

---

मेनफ्रेमकाका | रविवार, ७ डिसेंबर, सकाळी ७:२०

पहाटे जाग येते, काय करणार. ऑनकॉल आईंची ती 'चित्रात नसलेली' सेवा डोक्यातून जात नाही.

पुण्यात वाढलेल्या माणसाला असं काही ऐकलं की पानशेतच आठवतं. १२ जुलै १९६१. माझा जन्म नंतरचा, पण आई नारायण पेठेत होती, तिच्या तोंडून शंभरदा ऐकलंय. धरणाचं काम पुरं झालं नव्हतं, पाणी मात्र त्या पावसाळ्यात अडवलेलं. पानशेत फुटलं आणि ते पाणी येऊन खालचं खडकवासलाही गेलं. एकावर एक अवलंबून. पण आई सांगायची ती गोष्ट दुसरीच. आदल्या रात्रभर जवान पावसात वाळूची पोती रचत होते. त्यामुळे धरण रात्री न जाता दिवसा गेलं आणि माणसांना पळायला उजेड मिळाला.

---

चौथी पाटी | सकाळी ९:१५

काका, आदर आहे, पण वेबसाइट पंचवीस मिनिटं बंद पडणं आणि पानशेत एका पंगतीत बसवू नका. आमच्या घरातली माणसं गेलीत त्यात.

---

मेनफ्रेमकाका | सकाळी ९:४०

बरोबर आहे तुमचं. नुकसानीची तुलना नव्हती, पोती रचणाऱ्यांची होती. पण हसण्याखिदळण्याच्या धाग्यात ते यायला नको होतं. क्षमस्व.

---

चौथी पाटी | सकाळी ९:४४

क्षमा कसली. आजी अजून सांगते, पाणी ओसरल्यावर घड्याळ चालू होतं म्हणून.

---

गेट नंबर अमुक | सकाळी ११:००

अपडेट: शेवटी बसने निघालोय. सीट नंबर हाताने लिहिलेला आहे. यंत्रणा एकदम भक्कम.

---

ताजा फ्रेशर | दुपारी १२:३०

एक प्रश्न. मग उपाय काय करायचा नक्की? सोमवारी टीममध्ये बोलायचं म्हणतोय.

---

रस्टी पोहे | दुपारी १:०५

तुझ्या केसमध्ये: ती सूचनांची फाइल बदलायला दोन माणसांची संमती लागेल असं कर. टेस्टची संख्या कमी झाली तर बिल्ड लाल व्हायला हवा. दोन्ही मिळून अर्ध्या दिवसाचं काम.

मोठ्या यंत्रणेत: फाइलपण कोडसारखी टप्प्याटप्प्याने सोडायची, आणि वाचणाऱ्याने 'वाईट फाइल आली तर मागचीच चांगली वापर' एवढं शिकायचं. क्लाउडफ्लेअरने नोव्हेंबरनंतर हेच करायला घेतलं होतं. ते संपायच्या आत कालचा घोळ झाला. (परवा. रविवार आहे आज, मेंदू बंद.)

---

भूमकर चौकी | दुपारी १:२०

आणि मागची चांगली फाइल कुठे आहे ते आधी बघून ठेव. आमच्याकडे ती ज्याच्या लॅपटॉपवर होती, तो मार्चमध्ये सोडून गेला.

---

मेनफ्रेमकाका | दुपारी ४:००

जाता जाता पोरांसाठी एक तारीख. मंगळवार, १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद, भारतीय वेळ. ३२ बिटांत सेकंद मोजणारी जुनी युनिक्स घड्याळं त्यानंतर थेट १९०१ सालात जातील. वायटूकेला आम्ही जागलो, याला तुम्ही जागा. मी ७५ वर्षांचा असेन, त्या वेळी वैशालीत इडली खात असेन.

---

सेमीकोलन | दुपारी ४:०६

पावणेनऊला वैशालीत जागा मिळेल? हा काकांचा सगळ्यात धाडसी अंदाज.

---

नळस्टॉपकर | दुपारी ४:३०

२०३८ पर्यंत कशाला थांबायचं? पुढच्या शनिवारी कट्टा करू. १३ तारीख, सकाळी ८:४४, वैशाली. काकांना इडली आपल्याकडून. कोण कोण येणार?

---

भूमकर चौकी | दुपारी ४:३३

हिंजवडीकरांसाठी जरा इकडे ठेवा की. दर वेळी पेठा आणि एफसी रोड.

---

लाल पोर्टफोलिओ | दुपारी ४:४०

सॉफ्टवेअरवाला नसलो तरी चालेल ना? मी येतो. तो शेअर अजून माझ्याकडेच आहे.

---

ताजा फ्रेशर | दुपारी ४:५२

मी येतो. काकांना वायटूकेबद्दल विचारायचंय.

---

ऑनकॉल आई | संध्याकाळी ६:१५

येते, पण लॅपटॉप घेऊन. त्या आठवड्याचा रोटा माझा आहे. प्लगपॉइंटजवळचं टेबल कोणीतरी आधी जाऊन धरा.